जागच्या जागी माती-पाण्याची जैविक शुद्धी : कोल्हापूर परिसरातील नवख्यांसाठी मार्गदर्शक

जमिनीत पुरलेली डिझेलची टाकी गळू लागली, तर ते सर्वांत आधी लक्षात येते ते बहुधा टाकीच्या मालकाच्या नव्हे, तर उताराकडच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्यांच्या. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग येतो, उपसलेल्या पाण्याला वास लागतो आणि मग शोधाशोध सुरू होते. अशा वेळी दोन मार्ग समोर असतात. पहिला मार्ग म्हणजे माती खणून ती घातक कचऱ्याच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवणे आणि दूषित पाणी उपसून वर शुद्ध करणे. दुसरा मार्ग म्हणजे माती आणि पाणी आहे तिथेच ठेवून जमिनीतल्या सूक्ष्मजीवांकडून ते प्रदूषण संपवून घेणे. चालू शेडच्या पायाखाली किंवा रस्त्याच्या कडेला खणता येत नाही, तेव्हा दुसरा मार्गच उरतो. हा लेख त्या मार्गाविषयी आहे आणि तो पर्यावरण अभियांत्रिकीचे विद्यार्थी, लहान कारखानदार आणि ग्रामपंचायतीत अशा तक्रारी हाताळणारे सदस्य यांना समोर ठेवून लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. जैविक शुद्धी म्हणजे बाटलीतून जंतू आणून जमिनीत ओतणे, असे पुष्कळांना वाटते. मूठभर मातीत कोट्यवधी जिवाणू आधीपासून असतात आणि डिझेलसारख्या इंधनावर जगू शकणारे जिवाणू त्यांत जवळपास सर्वत्र आढळतात. ते थांबलेले असतात ते संख्येने कमी म्हणून नव्हे, तर श्वसनासाठी, पोषणासाठी किंवा ओलाव्यासाठी लागणारे काहीतरी अपुरे असते म्हणून. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात अँब्लर येथे पेट्रोलच्या वाहिनीतील गळतीने भूजल दूषित झाले, तेव्हा रिचर्ड रेमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरचे जंतू आणले नाहीत. त्यांनी बोअरमधून हवा आणि नत्र-स्फुरदाची खते दिली आणि तिथल्याच जिवाणूंना कामाला लावले. आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल खाणाऱ्या जनुक-परिवर्तित जिवाणूचे नाव अधिक प्रसिद्ध आहे, कारण त्याच्या पेटंटविषयी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये गाजलेला निकाल दिला. जमिनीखालच्या प्रत्यक्ष कामाचा पाया मात्र रेमंड यांच्या पद्धतीने घातला. म्हणून या कामात पहिला प्रश्न ‘कोणता जंतू घालू?’ हा नसून ‘या जमिनीला काय कमी पडले आहे?’ हा आहे. पुढची प्रत्येक पायरी याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एक उदाहरण घेऊ. शिरोलीसारख्या औद्योगिक भागात एका वर्कशॉपच्या आवारातील टाकीतून ३०० लिटर डिझेल मुरले आहे, वर दीड-दोन मीटर काळी माती आहे, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण आहे, असे समजा.

पहिली पायरी : गळती थांबवणे आणि माणसांना दूर ठेवणे

टाकी रिकामी करावी आणि गळकी पाइपलाइन तोडून टाकावी. मूळ स्रोत चालू असताना केलेली कोणतीही शुद्धी वाया जाते. तवंग असलेल्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी, जनावरांसाठी आणि स्वयंपाकासाठी तत्काळ बंद करून त्या घरांना दुसऱ्या पाण्याची सोय करावी आणि ती सोय शेवटपर्यंत टिकवावी. विहिरीत कोणीही उतरू नये, कारण इंधनाची वाफ खाली साठते, ती पेट घेऊ शकते आणि तिथे ऑक्सिजनही कमी असतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवावे. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारने २०२५ मध्ये अधिसूचित केले आहेत आणि प्रदूषण करणाऱ्याने खर्च उचलावा हे तत्त्व त्यांत आहे, त्यामुळे गुपचूप काम उरकण्याचा मोह कोणी धरू नये.

पाण्यावर तरंगणारे डिझेल आधी यांत्रिक पद्धतीने काढून घ्यावे. जिवाणू पाण्यात विरघळलेल्या आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या पातळ थरावर काम करतात, त्यामुळे जाड तेलाचा थर त्यांच्यावर सोपवणे व्यर्थ आहे. इथे एक सावधगिरी हवी. निरीक्षण बोअरमध्ये दिसणारी तेलाची जाडी भोवतालच्या जमिनीतल्या जाडीपेक्षा सहसा बरीच जास्त असते, म्हणून बोअरमधील जाडी मोजून एकूण तेलाचा हिशेब करू नये.

दुसरी पायरी : पाणी कुठे वाहते ते शोधणे

या पायरीवर घाई केलेली मला सर्वांत अधिक खटकते, कारण इथे चुकले की पुढचे सगळे खर्च चुकीच्या जागी होतात. किमान तीन निरीक्षण बोअर त्रिकोणात घ्यावेत आणि त्यांतील पाण्याची पातळी एकाच दिवशी, एकाच संदर्भ-बिंदूपासून मोजावी. आवाराच्या आत गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी लेव्हलसाठी पुरते, पण अंतर जास्त असेल तर ऑटो लेव्हल लावावी. तीन पातळ्यांवरून उताराची दिशा काढता येते. मात्र आपल्याकडचा खडक दख्खनचा बेसाल्ट आहे आणि त्यात पाणी वाळूतल्यासारखे सरळ पसरत नाही, तर मुरमातून आणि भेगांतून वाट काढते. त्यामुळे कागदावर पूर्वेकडे दिसणारा प्रवाह प्रत्यक्षात एखाद्या भेगेतून दक्षिणेच्या विहिरीत पोहोचू शकतो. आसपासच्या सर्व विहिरी आणि बोअर पायी फिरून नोंदवावेत, त्यांची खोली विचारावी आणि कोणत्या विहिरीला कोणत्या बाजूने झरा आहे हे मालकांकडून समजून घ्यावे. ही माहिती कुठल्याही नकाशात मिळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून त्या भागातील निरीक्षण विहिरींच्या पातळ्याही मागवाव्यात.

पाण्याची पातळी मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये अशी दोनदा मोजणे आवश्यक आहे. पावसाळ्यात पाणी वर येते तेव्हा तरंगणारे डिझेलही वर येते, उन्हाळ्यात ते खाली उतरते आणि या चढ-उताराच्या पट्ट्यात मातीच्या प्रत्येक कणाला तेल फासले जाते. आपल्याकडे हा पट्टा काही मीटर जाडीचा असू शकतो आणि बहुतेक प्रदूषण त्यातच अडकलेले असते. फक्त ऑक्टोबरात नमुने घेतले, तर तो पट्टा पाण्याखाली दडलेला असतो आणि काम किती आहे याचा अंदाज हमखास चुकतो. काळ्या मातीचे वागणेही दुहेरी आहे. ओली असताना ती फुगून हवा-पाणी अडवते आणि उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांतून सांडलेले इंधन थेट मुरमात उतरते.

तिसरी पायरी : कोणती तपासणी करावी

मातीत आणि पाण्यात एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, तसेच बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलीन मोजावेत. परंतु प्रदूषकाच्या आकड्याइतकेच महत्त्व भोवतालच्या परिस्थितीच्या आकड्यांना आहे. विरघळलेला ऑक्सिजन, सामू, तापमान, विद्युत वाहकता, रेडॉक्स विभव (पाणी ऑक्सिजनयुक्त आहे की ऑक्सिजनविरहित हे दाखवणारे विद्युत-मापन), नायट्रेट, विरघळलेले लोह आणि मँगनीज, सल्फेट आणि मिथेन यांची मोजणी दूषित बोअरमध्ये तर करावीच, पण प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या स्वच्छ बोअरमध्येही करावी.

या दोन बोअरमधील फरक वाचता येणे हे या विद्येचे मर्म आहे. आपण अन्न खातो आणि ऑक्सिजन घेतो, तसे जिवाणू डिझेल खातात आणि ऑक्सिजन वापरतात. ऑक्सिजन संपला की ते क्रमाने नायट्रेट, मँगनीज, लोह आणि सल्फेट वापरतात आणि शेवटी मिथेन तयार होऊ लागतो. म्हणून दूषित बोअरमध्ये ऑक्सिजन आणि नायट्रेट जवळपास शून्य, विरघळलेले लोह वाढलेले आणि सल्फेट घटलेले दिसले, तर त्याचा अर्थ असा की जिवाणू तिथे आहेत, ते भुकेलेले नाहीत आणि त्यांचा श्वास कोंडला आहे. एवढे कळले तरी जंतूंच्या खरेदीवर होणारा निम्मा निरर्थक खर्च टळतो, असे माझे मत आहे.

उसाच्या पट्ट्यात एक गोष्ट विशेष पाहावी. शेतातल्या खतांमुळे विहिरींच्या पाण्यात नायट्रेट आधीच असू शकते. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मानकातील मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. स्वच्छ बोअरमध्येच ते भरपूर असेल, तर वरून युरिया देण्याचे कारण उरत नाही आणि दिल्यास एका प्रदूषणावर दुसऱ्याची भर पडते.

चौथी पायरी : हिशेब मांडणे

तीनशे लिटर डिझेल म्हणजे सुमारे २५० किलो. एक किलो डिझेलचे पूर्ण विघटन होण्यासाठी साधारण ३.४ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे एकूण गरज ८५० किलोंची. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात २५ अंश सेल्सियसला लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. या हिशेबाने केवळ हवा मिसळलेले पाणी सोडून काम करायचे, तर साडेदहा कोटी लिटर पाणी जमिनीतून फिरवावे लागेल. तोच ऑक्सिजन हवेच्या रूपात द्यायचा, तर ३,००० ते ३,२०० घनमीटर हवा पुरते. डिझेलचा काही भाग जिवाणूंच्या वाढीत जातो, म्हणून खरी गरज थोडी कमी असते, पण निष्कर्ष बदलत नाही. पाण्याच्या वरच्या मातीत हवा खेळवणे हा इंधन-प्रदूषणावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

शेतकऱ्याला हे वेगळ्या शब्दांत सांगावे लागत नाही, कारण त्याच्याकडे ‘वाफसा’ हा शब्द आहे. जमिनीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी जी स्थिती पेरणीसाठी तो थांबून साधतो, तीच स्थिती डिझेल खाणाऱ्या जिवाणूंना हवी असते. आपल्याला ती तीन-चार मीटर खोलीवर, महिनोन्‌महिने टिकवायची असते, एवढाच फरक.

नत्र आणि स्फुरदाचा ढोबळ हिशेब कार्बन, नत्र आणि स्फुरद यांच्या १००, १० आणि १ या प्रमाणाने करतात. आपल्या उदाहरणात सुमारे २१५ किलो कार्बन आहे, म्हणजे नत्राची कमाल गरज २१-२२ किलो आणि स्फुरदाची दोन किलोंच्या आसपास. युरियात ४६ टक्के नत्र असते, तेव्हा हा आकडा युरियाच्या एका पोत्याजवळ जातो. हे सगळे एकदम कधीही देऊ नये. मेलेल्या जिवाणूंमधले नत्र पुन्हा वापरले जाते, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या थोड्या भागावर भागते आणि अनेक जागी हवा पुरेशी मिळाल्यावर खत अजिबात लागत नाही.

पाचवी पायरी : प्रयोगशाळेतील बरण्या

जागेवर पैसा घालण्यापूर्वी त्याच जागेची माती घेऊन चार प्रकारच्या बरण्या लावाव्यात : एकीत रसायनाने जिवाणू मारलेली माती, दुसरीत जशी आहे तशी माती आणि हवा, तिसरीत हवेसोबत खत आणि चौथीत हवा, खत आणि विकत घ्यायचे असलेले जंतुमिश्रण. प्रत्येक प्रकाराच्या किमान तीन बरण्या असाव्यात. सहा ते आठ आठवडे ठरावीक अंतराने डिझेल मोजावे. जिवाणू मारलेल्या बरणीतही डिझेल घटते, कारण काही भाग उडून जातो. ही घट वजा केल्यावर जे उरते तेच जिवाणूंचे काम. तिसऱ्या आणि चौथ्या बरणीत फरक दिसला नाही, तर जंतुमिश्रण घेऊ नये. विक्रेता ही चाचणी टाळायला सांगत असेल, तर त्याच्याकडून काहीच घेऊ नये.

जंतुमिश्रणे सरसकट निरुपयोगी आहेत, असे मात्र नाही. टेरी या संस्थेने विकसित केलेले ‘ऑइलझॅपर’ तेल-उद्योगातील तेलकट गाळावर वापरले गेले आहे. पण पसरलेल्या गाळात जंतू हाताने मिसळता येतात आणि खडकाच्या भेगांत ते पोहोचवावे लागतात, हा फरक लक्षात घ्यावा. ओतलेले जिवाणू बहुधा बोअरच्या तोंडाशीच मातीत अडकतात. जनुक-परिवर्तित जिवाणू वापरण्याचा विचारही परवानगीशिवाय करू नये. त्यासाठी १९८९ चे स्वतंत्र नियम आहेत.

सहावी पायरी : जागेवरचे काम

मुरमापर्यंत नेलेल्या जाळीदार पाइपांतून लहान ब्लोअरने हवा द्यावी. ताशी ३० घनमीटर हवा देणारा ब्लोअर आपल्या हिशेबातली सगळी हवा पाच दिवसांत देऊ शकतो, परंतु जिवाणूंना ती वापरायला अनेक महिने लागतात. म्हणून हवा अगदी मंद, शक्य तर टप्प्याटप्प्याने द्यावी. जोराने दिलेली हवा डिझेलची वाफ जमिनीबाहेर किंवा शेजारच्या तळघरात ढकलते. ब्लोअर सुरू करण्याआधी आसपासची तळघरे आणि बंद गटारे तपासावीत आणि काम चालू असताना तिथली वाफ मोजत राहावे.

काम चालले आहे का, हे पाहण्याची एक सुंदर आणि स्वस्त परीक्षा आहे. मातीतल्या हवेत ऑक्सिजन २० टक्क्यांच्या जवळ आला की ब्लोअर बंद करावा आणि पुढचे दोन-तीन दिवस दर काही तासांनी तो पुन्हा मोजावा. दूषित जागी ऑक्सिजन झपाट्याने उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, तर जवळच्या स्वच्छ जागी तो फारसा हलत नाही. हा उताराचा वेग म्हणजे जिवाणूंच्या श्वासाचा वेग. महिन्या-दोन महिन्यांनी हीच परीक्षा करत गेल्यास वेग कमी होत जातो. डिझेल संपत आल्याचे ते लक्षण असू शकते किंवा माती कोरडी पडल्याचेही, म्हणून ओलावा सोबत मोजावा. मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावी पण बोटांतून पाणी सुटू नये, ही शेतातली कसोटी इथेही चालते.

आपल्या हवामानात या कामाचा हंगाम नोव्हेंबर ते मे हा आहे. पाणी खाली गेलेले असते, तेल फासलेला पट्टा उघडा पडतो आणि हवा थेट तिथे पोहोचते. जूननंतर तो पट्टा बुडाला की ब्लोअरचा उपयोग संपतो. त्या काळात पाण्याखाली हवेचे बुडबुडे सोडण्याची पद्धत वापरता येते, परंतु भेगाळलेल्या बेसाल्टमध्ये बुडबुडे एकाच भेगेतून निसटतात, त्यामुळे मी ती इथे दुय्यम मानतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचाही सल्ला मिळेल, पण लोहयुक्त मातीत ते पोहोचण्याआधीच फुटून जाते. ब्लोअर, विजेचे पॅनेल आणि खताचे ड्रम पूररेषेच्या वर ठेवावेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले होते, हे जागा निवडताना विसरू नये.

डिझेल नसेल तर : क्रोमियम, रंग आणि डीग्रीझर

इथे सगळा विचार उलटा फिरतो. प्लेटिंगमधील (धातूवर मुलामा देण्याच्या कामातील) षटसंयुजी क्रोमियम पाण्यात विरघळते, विषारी असते आणि पिवळट झाक देते. जिवाणू ते खाऊन संपवू शकत नाहीत, कारण ते मूलद्रव्य आहे. ऑक्सिजन नसलेल्या स्थितीत मात्र त्याचे त्रिसंयुजी रूप होते, जे सामू साताच्या आसपास असताना घट्ट होऊन मातीत बसते. त्यासाठी जिवाणूंना भरपूर खाद्य देऊन ऑक्सिजन संपवायचा असतो आणि जगभर त्यासाठी वापरलेल्या पदार्थांपैकी एक म्हणजे उसाची मळी (मोलॅसिस), जी आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांमुळे दूर शोधावी लागत नाही. पातळ केलेली मळी थोडी थोडी, अंतराने द्यावी. एकदम दिल्यास बोअरच्या जाळीवर जिवाणूंचा चिकट थर बसून ती बंद होते, सामू घसरतो आणि मिथेन तयार होतो. मळीमुळे बेसाल्टमधील लोह आणि मँगनीजही पाण्यात उतरतात, म्हणून खालच्या विहिरींत त्यांची मोजणी चुकवू नये. मातीतील मँगनीज ऑक्साइड त्रिसंयुजी क्रोमियमला पुन्हा विषारी रूपात नेऊ शकतात, तेव्हा इथे देखरेख अधिक वर्षे चालवावी लागते. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे.

हीच मळी डिझेलच्या जागी ओतली, तर जिवाणू सोपे खाद्य आधी खातात, उरलासुरला ऑक्सिजन संपवतात आणि डिझेल तसेच राहते. दूषित जमिनीला ‘काहीतरी सेंद्रिय’ घातले की बरे होते, ही समजूत म्हणून धोक्याची आहे.

इचलकरंजीसारख्या कापडप्रक्रियेच्या गावांत अॅझो रंगांचा (नत्राच्या दोन अणूंमधील ‘अ‍ॅझो’ बंध असलेल्या कृत्रिम रंगांचा) प्रश्न येतो. शिवाजी विद्यापीठात कापड-रंगांच्या जैविक विघटनावर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. ऑक्सिजनविरहित टप्प्यात अॅझो बंध तुटून रंग जातो, पण मागे अरोमॅटिक अमाइन उरतात आणि त्यांतील काही कर्करोगकारक असतात. त्यांच्या विघटनासाठी पुढे ऑक्सिजन असलेला टप्पा लागतो. पाणी रंगहीन दिसले म्हणून नमुना घेणे थांबवणे हा मोठा अपराध ठरेल.

धातूचे भाग धुण्यासाठी डीग्रीझर म्हणून वापरलेले ट्रायक्लोरोइथिलीन पाण्यापेक्षा जड असल्याने भेगांतून तळाशी जाते. ऑक्सिजनविरहित स्थितीत त्यातील क्लोरीन एकेक करून निघतो आणि वाटेत व्हायनिल क्लोराइड हा मूळ पदार्थाहून घातक, कर्करोगकारक पदार्थ तयार होतो. त्याच्या पुढे निरुपद्रवी इथिलीनपर्यंत नेणारे ज्ञात जिवाणू डिहॅलोकोकॉइडिस गटातील आहेत आणि ते प्रत्येक जमिनीत नसतात. बाहेरून जंतू आणणे खरोखर आवश्यक ठरते, असे हे मोजक्या प्रसंगांपैकी एक. नवख्याने हे काम अनुभवी तज्ज्ञाशिवाय हाती घेऊ नये.

शेवटची पायरी : थांबायचे केव्हा

डिझेलच्या उदाहरणात ब्लोअर बंद केल्यावर आकडे काही काळ चांगले दिसतात आणि मग पुन्हा चढतात, कारण मातीच्या बारीक छिद्रांत दडलेले तेल हळूहळू बाहेर येते. म्हणून ब्लोअर बंद ठेवून किमान दोन पावसाळे जाऊ द्यावेत आणि प्रत्येक मे व ऑक्टोबरमध्ये त्याच बोअरचे, त्याच खोलीचे नमुने घ्यावेत. विहिरीच्या मालकाला प्रत्येक अहवालाची प्रत मराठीत समजावून द्यावी, कारण पाणी त्याच्या घरात जाते. मंडळाची लेखी संमती मिळाल्यावर निरीक्षण बोअर मोकळे सोडू नयेत आणि नुसता मुरूम टाकूनही बुजवू नयेत. तळापासून वरपर्यंत सिमेंट आणि बेंटोनाइटचे (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीचे) मिश्रण नळीने भरत यावे आणि वरच्या मीटरभर भागात काँक्रीट घालावे, म्हणजे पुढच्या पावसात आवारातले सांडपाणी त्याच वाटेने भूजलात उतरणार नाही.